मानवी हक्कांची फेलोशिप म्हणजे काय रे भाऊ?

‘फेलोशिप’ हा शब्द आपल्या घरांमध्ये येतो तो बहुधा डॉक्टरांमुळे. कुणाच्या मुलीला कार्डिऑलॉजीची फेलोशिप मिळाली म्हटलं, की पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही; लगेच पेढे! पण अलीकडे आपल्या मंडळातली काही मुलं कायदा, पत्रकारिता, आंतरराष्ट्रीय संबंध असे विषय घेऊन शिकताहेत, आणि पदवी हातात आल्यावर ‘ह्यूमन राइट्स फेलोशिपसाठी अर्ज करतोय’ असं घरी सांगताहेत. तिथे पेढ्यांऐवजी प्रश्न निघतात. म्हणजे नक्की करणार काय? पगार मिळतो का? इन्शुरन्स असतो का? एका वर्षानंतर पुढे काय? आणि मग जरा आवाज खाली आणून, ‘यात काही भानगड तर नाही ना?’

प्रश्न रास्त आहेत. आम्ही पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर, दिवसभर कोड लिहिणारे आणि दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधणारे. मानवी हक्क हा काही आमचा धंदा नव्हे. पण या विषयावर मराठीत सोप्या भाषेत लिहिलेलं आमच्या फारसं वाचनात आलं नाही, म्हणून वाचून, समजून घेऊन हा लेख लिहायला घेतला. आता मदतनिधीच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. तर ही फेलोशिप देणगीदारांच्या पैशावर चालते. आणि तो पैसा अशा कामावर खर्च होतो, ज्याचा चेक लिहिताना आपण सहसा विचारही करत नाही.

नाव मोठं, काम काय?

पहिली गोष्ट, ही शिष्यवृत्ती नव्हे. शिष्यवृत्ती शिकण्यासाठी असते. ही एका वर्षाची पगारी नोकरी असते. नुकतंच शिक्षण संपवलेल्या मुलांना अनुभवी संशोधकांच्या हाताखाली काम करायला मिळावं, म्हणून अनेक संस्था अशा फेलोशिप देतात. आपण उदाहरण म्हणून न्यूयॉर्कच्या ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेचं घेऊ, कारण तिचं काम जगभर माहीत आहे आणि त्यातला काही भाग थेट आपल्या कोकणाशी जोडलेला आहे.

संस्थेची जन्मकथा थोडक्यात अशी. १९७५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात अमेरिका, कॅनडा, सोव्हिएत युनियन आणि युरोपातले देश अशा ३५ देशांनी एका करारावर सह्या केल्या. त्यात मानवी हक्क पाळण्याचं वचनही होतं. पण वचन पाळलं जातंय का, हे बघणार कोण? मॉस्कोत १९७६ मध्ये काही धाडसी लोकांनी त्यावर नजर ठेवण्यासाठी एक गट काढला, आणि थोड्याच दिवसांत त्यांचीच धरपकड सुरू झाली. अशा लोकांना पाठबळ द्यायला न्यूयॉर्कमध्ये १९७८ साली ‘हेलसिंकी वॉच’ निघाली. पुढे लॅटिन अमेरिका, आशिया, आफ्रिका आणि मध्यपूर्वेसाठीही अशाच समित्या निघाल्या आणि त्या सगळ्यांना मिळून ह्यूमन राइट्स वॉच हे नाव पडलं. १९९७ चं शांततेचं नोबेल पारितोषिक भूसुरुंगबंदीच्या ज्या मोहिमेला मिळालं, ती सुरू करणाऱ्या सहा संस्थांपैकी ही एक. संस्था कुठल्याही सरकारकडून पैसा घेत नाही. सगळा कारभार व्यक्तींच्या आणि खासगी न्यासांच्या देणग्यांवर.

या संस्थेनं वर्षानुवर्षं नव्या पदवीधरांना फेलोशिप दिल्या आहेत. त्यांना बहुधा कुणाच्या तरी स्मृतीचं किंवा देणगीदाराचं नाव असतं. ‘सँडलर फेलोशिप’ ही कोलंबिया विद्यापीठाच्या लॉ स्कूलमधून बाहेर पडलेल्यांसाठी. ‘फिनबर्ग फेलोशिप’ ही जगातल्या कुठल्याही विद्यापीठातून कायदा, पत्रकारिता, आंतरराष्ट्रीय संबंध किंवा तत्सम विषयात मास्टर्स वा त्यापुढचं शिक्षण घेतलेल्यांना खुली. कोणत्या वर्षी कोणती फेलोशिप निघेल, अटी काय असतील, हे बदलत राहतं, तेव्हा त्या त्या वर्षीची जाहिरात बघणं महत्त्वाचं. कामाचं स्वरूप मात्र साधारण तेच राहत आलं आहे : संशोधन आणि ‘ॲडव्होकसी’. या दुसऱ्या शब्दाला आपल्याकडे फार छान शब्द आहे, पाठपुरावा.

एका वर्षात करतात काय?

आमच्या भाषेत सांगायचं, तर हा एक प्रोजेक्ट असतो. त्याला सुरुवात आहे, टेस्टिंग आहे, रिव्ह्यू आहे आणि रिलीजही आहे.

सुरुवातीला विषय ठरतो. समजा, एखाद्या देशात बांधकाम मजुरांचे पासपोर्ट मालक काढून घेतात अशी कुणकुण आहे. तर आधी तिथला कायदा काय म्हणतो, त्या देशानं कोणत्या आंतरराष्ट्रीय करारांवर सह्या केल्यात, यापूर्वी कुणी काय लिहिलंय, हे सगळं वाचायचं. मग प्रत्यक्ष तिथे जायचं. स्थानिक संस्था, वकील, पत्रकार यांच्या मदतीनं माणसं शोधायची आणि त्यांच्याशी बोलायचं.

या बोलण्याचे नियम कडक असतात. प्रत्येकाशी शक्यतो एकेकट्यानं आणि खासगीत बोलायचं, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा तेच सांगत नाही. आपण कोण, माहिती कशासाठी घेतोय, ती कुठे छापली जाईल, हे आधी सांगून परवानगी घ्यायची. मुलाखतीबद्दल पैसे द्यायचे नाहीत. ‘तुम्हाला मारलं ना?’ असं विचारायचं नाही. ‘त्या दिवशी काय झालं?’ असं विचारायचं. नाव उघड करणं धोक्याचं असेल, तर बदलायचं. आणि एकाच माणसाच्या शब्दावर विसंबायचं नाही. दुसरा साक्षीदार, दवाखान्याचे कागद, फोटो, कोर्टाची कागदपत्रं, जे मिळेल त्याच्याशी ताडून बघायचं.

मग ज्याच्यावर आरोप आहे, ते सरकार असो की कंपनी, त्याला पत्र लिहून त्याची बाजू विचारायची. अहवालाचा मसुदा झाला की तो विषयाचे जाणकार आणि संस्थेचे वकील वाचतात. प्रत्येक वाक्याला ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारला जातो. कोड रिव्ह्यूमध्ये आमचा जो छळ होतो, त्याहून हा जास्त असावा! इथे एक चूक राहिली, तर समोरचा तेवढीच धरून बाकीचे शंभर खरे मुद्दे उडवून लावतो.

अहवाल छापला की संशोधन संपतं आणि पाठपुरावा सुरू होतो. पत्रकार परिषद, मंत्र्यांच्या भेटी, संसदेच्या समित्या, संयुक्त राष्ट्रसंघाची जिनिव्हातली कार्यालयं, कर्ज देणाऱ्या बँका. ज्याच्या सहीनं काही बदलू शकतं, त्याच्या टेबलापर्यंत तो कागद पोचवायचा आणि पुन्हा पुन्हा विचारत राहायचं. फेलोला या सगळ्या टप्प्यांत भाग घ्यायला मिळतो. एका वर्षात तो किंवा ती साधारण एखादा विषय हाती घेऊन शेवटापर्यंत नेते.

गोखल्यांची माफी

इतका कागदाचा घोळ कशाला, असं वाटेल. अन्याय झाला हे सगळ्या गावाला माहीत असतं, मग ते पुरेसं नाही का? याचं उत्तर आपल्या पुण्याच्या इतिहासातच आहे.

१८९७ साल. पुण्यात प्लेगची साथ होती. रँडच्या हाताखालचे गोरे सैनिक घराघरांत शिरून तपासणी करत होते आणि त्यांच्या वागण्याच्या तक्रारी गावभर होत्या. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. वय अवघं ३१. त्यांना पुण्याहून पत्रं आली. सैनिकांनी दोन बायकांवर अत्याचार केल्याचं त्यांत लिहिलं होतं. गोखल्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’ या वर्तमानपत्रातून जाहीर केलं आणि एकच गदारोळ उठला. सरकारनं पुरावा मागितला.

दरम्यान २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि शहरात भीतीचं वातावरण पसरलं. जुलैअखेर गोखले परत आले. त्यांनी शोध घेतला, पण साक्ष द्यायला कुणी पुढे येईना. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगावीत, तर ती माणसं अडचणीत येणार. शेवटी गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. ती माफी त्यांना पुढे कित्येक वर्षं ऐकून घ्यावी लागली.

त्या तक्रारी खोट्या होत्या असं त्या माफीवरून सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच, की त्या सिद्ध करता येतील अशा रीतीनं कुणी लिहून ठेवल्या नव्हत्या. कुणी घटनेनंतर लगेच त्या घरांत जाऊन, विश्वासात घेऊन, तारीख-वेळेसह जबाब उतरवले असते, शेजाऱ्यांशी ताडून पाहिले असते, नावं सुरक्षित ठेवून बाकीचा मजकूर उभा राहील अशी मांडणी केली असती, तर? त्या कामासाठी वेळ लागतो, प्रशिक्षण लागतं, आणि तो वेळ देणाऱ्या माणसाचं पोट भरावं लागतं. आजची फेलोशिप नेमकी तेवढ्यासाठी आहे.

दाभोळचा अहवाल

आता शंभर वर्षं पुढे येऊ. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. महाग वीज, १९९५ मध्ये रद्द झालेला आणि १९९६ मध्ये पुन्हा सुरू झालेला करार, विधानसभेतली भाषणं. पण गुहागर तालुक्यातल्या गावांत काय चाललं होतं, ते मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत फारसं पोचलं नाही. जमीन, पाणी, मासेमारी यांच्या काळजीनं गावकरी निदर्शनं करत होते. जमावबंदीचे आदेश, अटका, लाठ्या हे रोजचं झालं होतं. ३ जून १९९७ ला पहाटे पोलीस वेलदूर या कोळ्यांच्या गावात शिरले. पुरुषमंडळी बरीचशी समुद्रावर होती. बायकांना घरांतून ओढून काढून मारहाण झाल्याचं त्यांनी सांगितलं.

ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्याच वर्षी यावर लिहिलं. ह्यूमन राइट्स वॉचनं जानेवारी १९९९ मध्ये सविस्तर अहवाल काढला. त्यातला मुद्दा त्या काळी नवा होता. पोलिसांनी मारलं, एवढंच म्हणून तो थांबला नाही. प्रकल्पाच्या बंदोबस्ताला असलेल्या पोलीस दलाचा खर्च कंपनी भरत होती, हे त्यात कागदोपत्री दाखवलं होतं, आणि म्हणून कंपनीचीही जबाबदारी आहे असं म्हटलं होतं. अमेरिकन सरकारच्या वित्तसंस्थांनी या प्रकल्पाला कर्ज आणि विमा दिला होता, त्यामुळे वॉशिंग्टनलाही त्यात प्रश्न विचारले होते. कंपनीनं अर्थातच जबाबदारी नाकारली.

या अहवालानं प्रकल्प थांबला का? नाही. तो २००१ मध्ये बंद पडला तो वीजबिलाच्या भांडणातून, आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉननं अमेरिकेत दिवाळं काढलं. २००५ मध्ये तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या सरकारी कंपन्यांच्या उपक्रमाकडे गेला. पण कंपनी बुडाली, मालक बदलले, तरी वेलदूरच्या बायकांनी सांगितलेलं त्या अहवालात आजही जसंच्या तसं आहे. एखाद्या कोळणीचं म्हणणं एका बलाढ्य कंपनीच्या म्हणण्याशेजारी, तितक्याच काळजीनं तपासून छापलं गेलं.

‘आपल्याच देशाची बदनामी?’

हा आक्षेप आपल्या मंडळींत नेहमी येतो. परदेशात बसून भारताच्या चुका कशाला काढायच्या? त्याला टाळून पुढे जाणं बरं नव्हे.

याच संस्थेनं १९९९ साली दलितांवरच्या अत्याचारांविषयी मोठा अहवाल काढला. ३०० हून अधिक दलित स्त्रीपुरुषांच्या मुलाखतींवर तो आधारला होता, आणि ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसं मेली, त्याचीही नोंद त्यात होती. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दरबान इथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा भारत सरकारनं भूमिका घेतली की जात हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे आणि जात म्हणजे वंश नव्हे. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेदविषयक समितीनं स्पष्ट केलं, की जन्मावरून होणारा भेदभाव, म्हणजे जातीवरूनचाही, तिच्या कक्षेत येतो. २००७ मध्ये या समितीपुढे भारताची सुनावणी झाली, त्या वेळी ह्यूमन राइट्स वॉच आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मानवी हक्क केंद्रानं मिळून आणखी एक अहवाल सादर केला. त्याआधी दोनच महिने, डिसेंबर २००६ मध्ये, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी स्वतःच अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाशी केली होती. मग बदनामी कुणी केली म्हणायची?

आणि ही संस्था काही भारताच्याच मागे नाही. आपण जिथे राहतो त्या अमेरिकेचंच बघा. २००५ मध्ये ॲम्नेस्टीबरोबर काढलेल्या अहवालात तिनं मोजून दाखवलं, की अठरा वर्षांखाली असताना केलेल्या गुन्ह्यासाठी किमान २,२२५ जण या देशात पॅरोलची शक्यता नसलेली जन्मठेप भोगत होते. तोवर हा आकडा देशपातळीवर कुणी नीट गोळाच केला नव्हता. पुढे २०१० आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन निकालांत अल्पवयीनांच्या अशा शिक्षेवर मोठ्या मर्यादा घातल्या. त्यामागे अनेक वकिलांची, संघटनांची वर्षानुवर्षांची मेहनत होती. पण आधी कुणीतरी मोजावं तर लागलंच.

संस्थेवरही टीका होते, आणि ती व्हायलाच हवी. तिचे संस्थापक रॉबर्ट बर्नस्टीन यांनीच २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून तिच्या मध्यपूर्वेतल्या कामाला नावं ठेवली. एका सौदी उद्योगपतीकडून अयोग्य अटीसह घेतलेली ४,७०,००० डॉलरची देणगी परत केल्याचं २०२० मध्ये संस्थेला जाहीर करावं लागलं. जो दुसऱ्याचा हिशेब मागतो, त्याचा हिशेब दुप्पट काटेकोरपणे तपासला जाणारच.

इंजिनिअरांना इथे जागा आहे का?

आहे, आणि ती वाढते आहे. पेरू देशाचं उदाहरण आम्हाला फार आवडतं. तिथे १९८० ते २००० या काळात सरकार आणि बंडखोर यांच्या झगड्यात नक्की किती माणसं गेली, हे कुणालाच माहीत नव्हतं. सत्यशोधन आयोगाकडे नावानिशी नोंद असलेली माणसं सुमारे २४ हजार. पण ज्यांची नोंदच कुणी केली नाही, त्यांचं काय?

पॅट्रिक बॉल आणि त्यांचे सहकारी संख्याशास्त्रज्ञ यांनी वेगवेगळ्या संस्थांनी स्वतंत्रपणे केलेल्या याद्या घेतल्या. आधी एकाच माणसाच्या दोनदा आलेल्या नोंदी जुळवल्या. डेटाबेसचं काम करणाऱ्यांना हा ताप चांगला ठाऊक आहे. मग किती नावं एकाहून जास्त याद्यांत आहेत ते पाहिलं. तर्क साधा आहे. दोन याद्यांत बरीच नावं सारखी असतील, तर बहुतेक माणसं मोजली गेली आहेत. सारखी नावं थोडीच असतील, तर कुठल्याच यादीत न आलेली माणसं भरपूर असणार. तळ्यातले मासे मोजायला खुणा करून सोडतात, तीच युक्ती. त्यावरून २००३ च्या अहवालात अंदाज आला ६९,२८० चा. त्यावर पुढे अभ्यासकांत वादही झाले. शास्त्र म्हटलं की ते होणारच. पण त्याच आयोगाला आणखी एक गोष्ट दिसली. बळींपैकी चारातल्या तिघांची मातृभाषा क्वेचुआ किंवा तशीच एखादी मूळ रहिवाशांची भाषा होती. राजधानी लिमात स्पॅनिश बोलणाऱ्यांना इतकी माणसं गेल्याचा पत्ता का लागला नाही, याचा अर्थ तिथे लागतो.

दुसरं उदाहरण २०१७ चं. म्यानमारच्या राखाइन प्रांतात बाहेरच्यांना जाता येत नव्हतं. तेव्हा ह्यूमन राइट्स वॉचनं उपग्रहाची चित्रं तपासून डिसेंबरपर्यंत किमान ३५४ रोहिंग्या गावं पूर्ण किंवा अंशतः जळाल्याचं दाखवलं. चित्रावरच्या तारखा आणि निर्वासितांनी सांगितलेल्या तारखा ताडून बघता आल्या. म्हणजे डेटा, मॅपिंग, प्रोग्रामिंग येणाऱ्या मुलांनी ‘हे आपलं काम नव्हे’ असं म्हणून सोडून देऊ नये.

घरच्यांचे प्रश्न

पगार : मिळतो. ह्यूमन राइट्स वॉचच्या २०१० च्या दशकातल्या जाहिरातींत वर्षाला सुमारे ५५,००० डॉलर आणि आरोग्य विमा असे. सॉफ्टवेअरच्या किंवा मोठ्या लॉ फर्मच्या पगाराशी तुलना करू नये. न्यूयॉर्कच्या भाड्यात त्यातले बरेच जातात. पण काही फेलोशिप बिनपगारीही असतात. त्यांना नोकरी समजू नका आणि घरची ऐपत बघूनच हो म्हणा.

कर्ज : मुलानं शिक्षणासाठी केंद्र सरकारचं कर्ज घेतलं असेल, तर २००७ च्या कायद्यानं सुरू झालेली ‘पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस’ योजना जरूर बघा. पात्र अशा ना-नफा संस्थेत नोकरी करताना १२० मासिक हप्ते नियमानं भरले, तर उरलेलं कर्ज माफ होऊ शकतं. फेलोशिपचं वर्ष त्यात धरलं जाऊ शकतं. नियम बदलत असतात, तेव्हा कर्ज देणाऱ्या खात्याकडून खात्री करून घ्यावी.

व्हिसा : एफ-वन व्हिसावर शिकायला आलेल्यांना पदवीनंतर साधारण १२ महिन्यांचं ओपीटी मिळतं, आणि काम शिकलेल्या विषयाशी संबंधित असावं लागतं. एका वर्षाच्या फेलोशिपला ते बेताचंच पुरतं. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात आधीच बोलावं.

धोका : आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. नव्या मुलांना एकट्यानं युद्धभूमीवर पाठवत नाहीत, पण काही देश व्हिसा नाकारतात, पाळत ठेवतात. त्याहून जास्त त्रास मनाला होतो. महिनोन्‌महिने दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकून घेतलेलं मूल रविवारी फोनवर गप्प वाटलं, तर ‘सोडून दे ते सगळं’ असं एकदम म्हणू नका; आधी ऐकून घ्या. मुलाखतीच्या वेळीच मुलांनी विचारावं, की मानसिक आधाराची सोय काय आहे.

पुढे काय : एका वर्षानं संस्था सोडावी लागते, हे धरून चालावं. तिथून कुणी वकिली करतात, कुणी पत्रकारिता, कुणी विद्यापीठात जातात, कुणी संयुक्त राष्ट्रसंघात, तर कुणी कंपन्यांमध्ये, जिथे पुरवठादारांकडे बालमजूर नाहीत ना हे तपासायला आता माणसं लागतात.

अर्ज करणाऱ्यांसाठी

अर्ज साधारणपणे पानगळीच्या दिवसांत मागवतात आणि काम पुढच्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतं. म्हणजे शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच तयारी हवी. रिझ्युमे, शिफारसपत्रं आणि लेखनाचा नमुना मागतात. लेखनाच्या नमुन्यात मोठमोठे शब्द नकोत. कोण, कुठे, कधी, कशावरून, हे कळलं पाहिजे. त्याआधी एखाद्या कायदेविषयक क्लिनिकमध्ये, निर्वासितांच्या मदतकेंद्रात किंवा वर्तमानपत्रात थोडं काम केलेलं असेल, तर फार उपयोग होतो.

आणि भाषा! इंग्रजीशिवाय दुसरी भाषा चांगली येणं ही या कामातली मोठी जमेची बाजू. दर रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत मुलांना ओढत नेताना ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न सगळ्यांनीच ऐकला आहे. वेलदूरच्या एखाद्या आजीला ‘त्या दिवशी काय झालं?’ असं तिच्या भाषेत विचारता येणं, आणि ती जे बोलली आणि जे बोलली नाही ते दोन्ही समजणं, याला दुभाष्या पुरत नाही. रिझ्युमेमध्ये ‘मराठी’ लिहायला विसरू नका.

देणगीचा प्रश्न

शेवटचा मुद्दा आपल्यासाठी, म्हणजे चेक लिहिणाऱ्यांसाठी. आपल्याला वर्गखोली, रुग्णवाहिका, बोअरवेल यांना देणगी द्यायला आवडतं. त्यावर नावाची पाटी लागते आणि पुढच्या भारतवारीत ते बघून येता येतं. ते चांगलंच आहे. या वर्षीही तसंच द्या. पण संस्थेच्या ताळेबंदात ‘पगार’ दिसला, की आपण लगेच कपाळाला आठ्या घालतो. जी संस्था फक्त माहिती गोळा करून, तपासून, लिहिते आणि पाठपुरावा करते, तिचा बहुतेक खर्च पगारच असणार. तिथे दुसरं काही बांधायचंच नसतं.

आपल्या लोकांना हे नवीन नाही. माफीच्या प्रकरणानंतर आठ वर्षांनी, १९०५ मध्ये, गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला. सार्वजनिक कामाला वाहून घेणाऱ्या शिकलेल्या तरुणांना त्यात काही वर्षांचं प्रशिक्षण होतं आणि घर चालण्यापुरतं मानधनही होतं. आणि १९१३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एका नव्या पदवीधराला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. त्या पदवीधराचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्या साडेअकरा पौंडांची पाटी कुठल्या भिंतीवर लागली, हे कुणी विचारत नाही.

तेव्हा यंदा देणगी देताना ज्या संस्थेला देता आहात, तिला एक प्रश्न जरूर विचारा : तुमच्याकडे तरुण मुलांना शिकवून, पगार देऊन, जे घडतंय ते नीट लिहून ठेवण्याची काही सोय आहे का? असेल, तर थोडी रक्कम त्या खात्यावर टाका. आणि घरातलं मूल अशा फेलोशिपचा अर्ज घेऊन आलं, तर पगार, व्हिसा, विमा सगळं खुशाल विचारा. उत्तरं पटली, तर पेढे आणा.